महागाई आणि आपले मत

(द्वितीय वर्ष वाणिज्य)

२०२१ सालची दिवाळी मला चांगली आठवते. धनत्रयोदशीला, म्हणजे २ नोव्हेंबरला, आमच्या दादरा व नगर हवेली मतदारसंघातील लोकसभेच्या पोटनिवडणुकीचा निकाल लागला. केंद्रात सत्तेवर असलेल्या पक्षाच्या उमेदवाराचा तेथे ५१ हजारांहून अधिक मतांनी पराभव झाला. लगेच दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बातमी आली की, केंद्र सरकारने पेट्रोलवरील उत्पादन शुल्क लीटरमागे ५ रुपयांनी आणि डिझेलवरील १० रुपयांनी उतरविले आहे. सिल्वासातील आमच्या चाळीत शेजारी एक रिक्षावाले काका राहतात. ते दारातूनच ओरडले, "बघा, आपण मत दिले आणि पेट्रोल उतरले!" आई त्यावेळी चकल्या तळत होती. कढईवरची नजर न काढता ती म्हणाली, "मग गोडेतेलाला मत द्यायचं तेवढं राहिलं वाटतं."

मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो आणि दोघांचेही म्हणणे मला पटले होते. वाणिज्य शाखेत आल्यावर मागणी-पुरवठा, चलनवाढ, निर्देशांक असे शब्द कानावर पडू लागले तसा तो प्रसंग पुन्हा आठवू लागला. मताने भाव उतरतो का? आणि उतरत असेल तर कोणाच्या मताने, कोणत्या वस्तूचा आणि किती दिवस? या अंकाच्या निमित्ताने त्याचाच थोडा हिशेब मांडून पाहतो.

आधी घरची ओळख द्यावयास हवी, कारण पुढील बराचसा हिशेब घरचाच आहे. माझे वडील कृत्रिम धाग्याच्या कारखान्यात पाळीने काम करतात. आई विजापूरकडची. कारखान्यात एकटे राहणाऱ्या कामगारांना ती जेवणाचे डबे करून देते. शाळा माझी मराठी माध्यमाची, घरात आईशी कानडी, वडिलांशी मराठी आणि रस्त्यावर गुजराती-हिंदी. त्यामुळे आमच्या घरी महागाईलाही दोन नावे आहेत. वडील 'महागाई वाढली' असे म्हणतात. आई बाजारातून आली की पिशवी खाली ठेवता ठेवता म्हणते, "भाळ तुट्टी आग्याद." या अंकाच्या कानडी विभागाचे वाचक जाणतातच की, ज्याला आपण महागाई भत्ता म्हणतो त्याला कानडीत 'तुट्टिभत्ये' म्हणतात. सरकारी नोकरांच्या घरी हा शब्द पगारपत्रकात छापून येतो. आमच्या घरी तो नुसताच तोंडी असतो.

आता आमच्या प्रदेशाची थोडी राजकीय माहिती. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातून मुक्त झाले. त्या लढ्यात संगीतकार सुधीर फडके यांच्यासारखी मराठी माणसेही होती. पुढे १९६१ पर्यंत तेथे वरिष्ठ पंचायत नावाच्या मंडळाने कारभार पाहिला आणि त्या वर्षी हा प्रदेश भारतात रीतसर सामील झाला. २६ जानेवारी २०२० पासून तो दमण व दीव यांच्यासह एकच केंद्रशासित प्रदेश आहे. ग्रामपंचायत आहे, जिल्हा पंचायत आहे, नगरपरिषद आहे, लोकसभेला एक खासदार आहे. पण विधानसभा नाही. आमदार हा प्राणी आम्ही सीमेपलीकडे तलासरीला किंवा वापीला गेल्यावरच ऐकतो. पेट्रोलवर स्थानिक मूल्यवर्धित कर किती घ्यावयाचा हे येथे प्रशासन ठरविते आणि ते प्रशासन दिल्लीला उत्तरदायी असते. म्हणजे त्या कराबद्दल जाब विचारण्यासाठी आम्हाला ५४३ खासदारांतील एकच माणूस मिळतो.

गंमत अशी की, तरीही पेट्रोल आमच्याकडे महाराष्ट्रापेक्षा स्वस्त आहे. आमच्या पंपावरील आणि मुंबईच्या पंपावरील दरात अलीकडच्या वर्षांत बरेच अंतर राहिलेले आहे. तेल तेच, टँकरही त्याच रस्त्याने येतो. फरक कराचा. ज्यांना करांचा धडा कंटाळवाणा वाटतो त्यांनी एकदा सीमेच्या अलीकडील पंपावर उभे राहावे. पलीकडच्या गाड्यांच्या रांगा पाहून धडा आपोआप पाठ होईल. तेव्हा राज्यकर्त्यांना भावाबाबत काहीच करता येत नाही, हे म्हणणे निदान पेट्रोलच्या बाबतीत खरे नाही.

पण काकांचे म्हणणे वेगळे होते. आमच्या मताने पेट्रोल उतरले, असे ते म्हणत होते. ते तपासण्यासाठी मी त्या दिवसाच्या इतर निकालांची यादी काढली. ३० ऑक्टोबर २०२१ रोजी देशात लोकसभेच्या तीन आणि विधानसभेच्या एकोणतीस जागांसाठी मतदान झाले होते. महाराष्ट्रात देगलूरला, तर कर्नाटकात सिंदगी आणि हानगल येथे. सिंदगी तर आईच्या माहेरच्या जिल्ह्यातील. पेट्रोल त्या दिवशी या सर्व ठिकाणी शंभरीच्या वरच होते. पण सिंदगीला केंद्रातील सत्ताधारी पक्ष जिंकला. हानगल व देगलूर येथे काँग्रेस जिंकली. हिमाचल प्रदेशात लोकसभेची मंडी आणि विधानसभेच्या तीनही जागा सत्ताधारी पक्षाने गमावल्या, आणि तेथील मुख्यमंत्री जयराम ठाकूर यांनी महागाईचा फटका बसल्याचे कबूल केले. दर सारखा, पण कौल निरनिराळा. आमच्या सिल्वासाची निवडणूक तर दिवंगत खासदार मोहन डेलकर यांच्या जागेसाठी होती. त्यांच्या पत्नी कलाबेन डेलकर शिवसेनेच्या चिन्हावर उभ्या होत्या. आमच्या आळीत त्या दिवसांत पेट्रोलची चर्चा होती खरी, पण मत पेट्रोलवर पडले असे मी प्रामाणिकपणे म्हणू शकत नाही. लोकांच्या मनात त्या घराविषयी जे होते त्यावर ते पडले.

तरीही दर उतरले, आणि निकालानंतर चोवीस-तीस तासांतच उतरले. माझी समजूत अशी की, मतदार ज्या कारणासाठी मत देतो तेच कारण राज्यकर्त्याने वाचले पाहिजे असे नाही. मतपेटीवर कारण लिहिलेले नसते. हिमाचलच्या मुख्यमंत्र्यांनी ते महागाई असे वाचले. दिल्लीने निकालांचे नेमके काय वाचन केले हे दिल्लीलाच ठाऊक; पण पुढील चार-पाच महिन्यांत उत्तर प्रदेश, पंजाब, गोवा, उत्तराखंड व मणिपूर येथील निवडणुका समोर दिसत होत्या, हे कोणालाही कळत होते. तेव्हा काकांचे म्हणणे पुरते खरे नसले तरी पुरते खोटेही नव्हते.

आता जमाखर्चाकडे वळू. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला 'उतरले' एवढ्यावर थांबता येत नाही. कोठून उतरले ते पाहावे लागते. २०२० साली टाळेबंदीच्या काळात जगात कच्च्या तेलाचे भाव कोसळले. तो फायदा ग्राहकापर्यंत पोहोचला नाही, कारण केंद्राने त्या वर्षी मार्चमध्ये दोन्ही इंधनांवर ३-३ रुपये आणि मे महिन्यात पेट्रोलवर १० व डिझेलवर १३ रुपये शुल्क वाढविले. म्हणजे पेट्रोलवर १३ आणि डिझेलवर १६ रुपयांची वाढ. नंतर कपात झाली ती अशी: नोव्हेंबर २०२१ मध्ये पेट्रोलवर ५ व डिझेलवर १०, आणि मे २०२२ मध्ये पेट्रोलवर ८ व डिझेलवर ६. बेरीज करून पाहा. पेट्रोलवर १३, डिझेलवर १६. दोन्ही बाजू पैशापैशाने जुळतात! हा ताळेबंद मी वहीत प्रथम मांडला तेव्हा बेरीज चुकली असे वाटून पुन्हा केली होती. जे दोन हप्त्यांत सवलत म्हणून परत मिळाले ते २०२० साली घेतलेलेच होते. मध्यंतरीच्या दीड-दोन वर्षांत जो भरणा झाला तो मात्र कोणाला परत मिळाला नाही. सरकारच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. टाळेबंदीत इतर करांचे उत्पन्न आटले होते आणि मोफत धान्य, लसी यांचा खर्च उभा होता. पैसा कोठून तरी आणावा लागणारच होता. प्रश्न एवढाच की, तो डिझेलमधून आणला की भाजीच्या गाडीपासून शाळेच्या बसपर्यंत सर्वांवर सारखाच बसतो, मग खिसा लहान असो वा मोठा.

निवडणूक आणि पंप यांचे नाते आणखी एका गोष्टीत दिसते. कायद्याने पाहिले तर पेट्रोलचे दर २०१० पासून आणि डिझेलचे २०१४ पासून सरकारच्या नियंत्रणातून मुक्त आहेत. १६ जून २०१७ पासून तर देशभर ते रोज बदलतात. परंतु २०१८ साली कर्नाटक विधानसभेच्या निवडणुकीपूर्वी ते १९ दिवस हललेच नाहीत. १२ मे रोजी मतदान झाले आणि १४ तारखेपासून चढू लागले. नोव्हेंबर २०२१ च्या कपातीनंतरही तसेच झाले. पाच राज्यांचे निकाल १० मार्च २०२२ रोजी लागले, आणि १३७ दिवस थांबलेला काटा २२ मार्चपासून हलला. पुढील सोळा दिवसांत तो लीटरमागे १० रुपये चढला. पुन्हा मार्च २०२४ मध्ये लोकसभा निवडणूक जाहीर होण्याच्या दोनच दिवस आधी दोन रुपये उतरले. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ विल्यम नॉर्डहाउस यांनी १९७५ साली 'राजकीय व्यापारचक्रा'चा सिद्धांत मांडला. निवडणुकीपूर्वी राज्यकर्ते हात सैल सोडतात आणि निवडणुकीनंतर आवळतात, असा त्याचा मथितार्थ. आमचे सर हा सिद्धांत शिकवीत होते तेव्हा मागील बाकावरून कोणी तरी म्हणाले, "सर, हे आमच्या पंपवाल्याला आधीपासून ठाऊक आहे." वर्ग हसला, आणि सरही हसले.

मतपेटीशिवायही लोकांनी महागाईला हात घातल्याची उदाहरणे आहेत, आणि ती आपल्या जवळचीच आहेत. १९७२ साली मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. समाजवादी मृणाल गोरे, मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर, कम्युनिस्ट तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांच्या बाया तीत एकत्र आल्या. साखर, तेल, रॉकेल यांसाठी लाटणी घेऊन आणि थाळ्या वाजवीत त्यांनी मोर्चे काढले. स्वयंपाकघरातील लाटणे रस्त्यावर आले ते तेव्हा. त्यानंतर १९७३ च्या डिसेंबरात अहमदाबादच्या लालभाई दलपतभाई अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी वसतिगृहाच्या खानावळीचे बिल वाढले म्हणून आंदोलन सुरू केले. ते नवनिर्माण आंदोलन म्हणून गुजरातभर पसरले आणि ९ फेब्रुवारी १९७४ रोजी मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांना राजीनामा द्यावा लागला. खानावळीच्या बिलाने मुख्यमंत्री गेला. वसतिगृहात राहणाऱ्या वाचकांनी याची नोंद घेण्यास हरकत नाही (आमच्या खानावळीच्या व्यवस्थापकांनीही घ्यावी).

पण मुख्यमंत्री गेल्याने भाव उतरले का? नाही. १९७३ च्या अखेरीस जगात तेलाचे भाव चौपट झाले होते, १९७२ चा दुष्काळ पाठीवर होता, आणि १९७४-७५ या वर्षी देशातील घाऊक किंमतींची वाढ २५ टक्क्यांच्या आसपास राहिली. जुलै १९७४ मध्ये केंद्राने सक्तीच्या ठेवीची योजना आणली. वाढीव पगार व महागाई भत्त्याचा भाग गोठविला, लाभांशावर मर्यादा घातली. पुढे पीकपाणीही सुधारले. १९७५-७६ साली घाऊक किंमती वाढण्याऐवजी किंचित उतरल्या. आता गंमत पाहा. भाव खाली आणूनही ते सरकार १९७७ साली पडले, कारण मधल्या काळात आणीबाणी आली होती. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर दोघीही त्या निवडणुकीत मुंबईतून लोकसभेवर गेल्या. भाव चढले म्हणून सरकार पडतेच आणि उतरले म्हणून टिकतेच, असा नियम यातून काढता येत नाही. माणूस फक्त ग्राहक म्हणून मत देत नाही.

कांद्याची गोष्ट मात्र सर्वांच्या तोंडी असते. १९८० च्या लोकसभा निवडणुकीत इंदिरा गांधींनी कांद्याच्या भावाचा प्रचारात उपयोग केला. १९९८ च्या नोव्हेंबरात दिल्लीत भाजपचे सरकार गेले त्यालाही कांदा कारण झाला, असे मानले जाते. हे असे कांद्याच्याच बाबतीत वारंवार का व्हावे? उत्तर चाळीत आहे. राहत्या चाळीत नव्हे, कांदाचाळीत. उन्हाळी कांदा मार्च ते मे महिन्यांत निघतो आणि शेतकरी तो चाळीत साठवितात. सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत तो सडत, सुकत, मोड येत संपत आलेला असतो. खरिपाचा नवा कांदा यायला ऑक्टोबर-नोव्हेंबर उजाडतो, आणि परतीचा पाऊस कोसळला तर तोही लांबतो. म्हणजे वर्षातील टंचाईचे दिवस सप्टेंबर ते नोव्हेंबर. आणि दिल्ली, राजस्थान, मध्य प्रदेश यांच्या निवडणुका १९९८ पासून कित्येकदा पडत आल्या नोव्हेंबर-डिसेंबरात! दोन पंचांगे एकमेकांवर येतात, एवढाच त्यातील चमत्कार.

पण लासलगाव-पिंपळगावकडून पाहिले की हीच गोष्ट उलटी दिसते. डिसेंबर २०२३ मध्ये शहरात कांदा महाग होऊ नये म्हणून केंद्राने निर्यातबंदी केली. ग्राहकाला बरे वाटले, पण नाशिक जिल्ह्यातील शेतकऱ्याचा भाव पडला. बंदी उठली ती ४ मे २०२४ रोजी, ऐन लोकसभा निवडणुकीत, आणि तीही किमान निर्यातमूल्य व ४० टक्के शुल्क ठेवून. दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पराभूत झाल्या. मग विधानसभा निवडणूक जवळ आल्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये किमान निर्यातमूल्य काढले आणि शुल्क निम्मे केले. त्याच सुमारास, १४ सप्टेंबरपासून, कच्च्या सोयाबीन, पाम व सूर्यफूल तेलावरील आयात शुल्क शून्यावरून २० टक्के करण्यात आले. विदर्भ-मराठवाड्यातील सोयाबीनला हमीभावही मिळत नव्हता, त्या शेतकऱ्यांसाठी हा निर्णय होता. तो चुकीचा होता असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही; वडिलांचे चुलत भाऊ सोयाबीन लावतात. पण आईच्या वहीत त्या दिवाळीला तेलाच्या डब्यापुढे लाल शाईने फुली आहे. २०२१ च्या दिवाळीत तिने विचारलेला प्रश्न मला तेव्हा आठवला. गोडेतेलाला मत दिले गेले होते. फक्त ते आईचे नव्हते, काकांचे होते. आपण 'मतदारांना स्वस्ताई हवी' असे सरसकट लिहितो तेव्हा विकणाराही मतदार असतो, हे विसरतो.

आता आमच्या स्वयंपाकघरातील दोन टाक्या. एक लाल, घरगुती, १४.२ किलोची. दुसरी निळी, व्यावसायिक, १९ किलोची; डब्यांचा स्वयंपाक तिच्यावर होतो. लाल टाकी मार्च २०२३ मध्ये दिल्लीत १,१०३ रुपयांना होती. त्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस ती २०० रुपयांनी उतरली आणि मार्च २०२४ मध्ये महिला दिनी आणखी १०० रुपयांनी. निवडणुका झाल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये ५० रुपये पुन्हा चढली. निळ्या टाकीचा भाव मात्र बहुधा दर महिन्याच्या १ तारखेला बाजाराप्रमाणे खालीवर होतो. मे २०२२ मध्ये तो दिल्लीत २,३०० रुपयांच्या वर गेला होता. तिच्या भावाची घोषणा सभेत करताना मी कोणाला ऐकले नाही, आणि उतरली तरी श्रेय घ्यायला कोणी येत नाही. आई म्हणते, लाल टाकीला मत आहे, निळीला नाही. माझ्या मते कारण उघड आहे. लाल टाकी कोट्यवधी घरांत आहे. निळी हॉटेलवाल्याची, वडेवाल्याची, डबेवालीची. आणि तिचा बोजा शेवटी जेवणाऱ्यावर जातो, पण त्याला तो टाकीच्या रूपात दिसत नाही, पाच रुपये महागलेल्या थाळीच्या रूपात दिसतो. जो भाव डोळ्यांना दिसतो त्यावर राजकारण चालते.

काही गोष्टींना तर मत मुळीच पोहोचत नाही. आपण वापरतो त्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक बाहेरून येते. युक्रेनमध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा सूर्यफुलाचे तेल महागले. त्याच वर्षी एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात तीन-एक आठवडे थांबविली आणि आमच्या गल्लीतील फरसाणवाल्याने कढई लहान केली. इंडोनेशियात आमचे मत नाही. व्याजदराचे तसेच. २०१६ साली रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात दुरुस्ती होऊन भाववाढ ४ टक्के, वरखाली २ टक्के, या मर्यादेत ठेवण्याचे काम सहा जणांच्या पतधोरण समितीकडे आले. २०२२ साली जानेवारी ते सप्टेंबर असे सलग नऊ महिने सरासरी वाढ ६ टक्क्यांच्या वर राहिली, तेव्हा कायद्यानुसार बँकेला सरकारकडे लेखी कारणे द्यावी लागली. त्यासाठी ३ नोव्हेंबरला खास बैठक झाली, पण ते पत्र प्रसिद्ध करण्यात आले नाही. मला ही गोष्ट खटकते. तज्ज्ञांच्या हाती कारभार देण्यास माझी हरकत नाही. निवडणुकीच्या तोंडावर व्याजदर ठरू लागले तर अनर्थ होईल. पण विद्यार्थी नापास झाला तर त्याचा निकाल फलकावर लागतो, मग त्याने लिहिलेली कारणे पालकांनी वाचू नयेत असे का?

अलीकडे राज्यकर्त्यांना तिसराच मार्ग सापडला आहे. भाव उतरविण्यापेक्षा हाती पैसे द्यावेत. कर्नाटकात २०२३ पासून गृहलक्ष्मीचे २,००० रुपये व स्त्रियांना सरकारी बसचा मोफत प्रवास, महाराष्ट्रात जुलै २०२४ पासून लाडक्या बहिणीचे १,५०० रुपये. मावशीला विजापुरात हे पैसे मिळतात आणि त्यातून तिचे औषध येते, हे मी पाहिले आहे. त्यामुळे 'रेवडी' म्हणून नाक मुरडणाऱ्यांत मी नाही. परंतु त्याच कर्नाटकात लोकसभेचे निकाल लागल्यावर जून २०२४ मध्ये विक्रीकर वाढवून पेट्रोल सुमारे तीन रुपयांनी महाग झाले. शिवाय ठरावीक रक्कम ही ठरावीकच राहते, आणि भाव चालत राहतो. आमच्याकडे याचा अनुभव निराळ्या प्रकारे आला आहे. मार्च २०१६ पासून दादरा व नगर हवेलीच्या काही भागांत शिधापत्रिकेवरील धान्याऐवजी रोख रक्कम बँकेत जमा करण्याची योजना सुरू झाली. रक्कम हमीभावाच्या हिशेबाने ठरणार, आणि तांदूळ घ्यायचा तो बाजारभावाने. धान्याची पिशवी हातात असली की भाव वाढो वा न वाढो, पाच किलो म्हणजे पाच किलो असतात. रुपयांचे तसे नाही. माझा कौल पिशवीला आहे.

मे २०२४ मध्ये मी पहिल्यांदा मतदान केले. रांगेत माझ्या पुढे एक वारली आजी होती. बोटाला शाई लागल्यावर तिने ते उन्हात धरून पाहिले. मी मत कोणाला दिले ते लिहिणार नाही, पण महागाईसाठी दिले नाही एवढे सांगतो. मी ज्याचा विचार केला ते होते पाळी संपल्यावर वडिलांच्या होणाऱ्या पायपिटीचे आणि गावातल्या दवाखान्याचे. लेख लिहायला बसल्यावर याची थोडी लाज वाटली, आणि मग वाटले की, एकाच बटणात माणूस किती गोष्टी कोंबणार?

शेवटी एक मतदान सांगावयाचे राहिले, ते २०२२ च्या मे महिन्यातील. निळी टाकी तेवीसशेच्या वर, तेल तसेच, आणि डब्याचा भाव आईने दीड वर्ष वाढविला नव्हता. वही मीच लिहीत असे. महिन्याअखेर हाती काही उरत नव्हते. एका रविवारी तिने बावीसच्या बावीस कामगारांना दारात बोलावले. बिहारचे, ओरिसाचे, दोघे जळगावचे, एक कलबुर्गीचा. सर्वजण तिला अक्का म्हणतात. तिने वही त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "एक तर डब्याला पाच रुपये वाढवा, नाही तर भाव तोच ठेवते, पण तिसरी पोळी बंद आणि डाळ एक दिवसाआड. तुम्हीच ठरवा." थोडी कुजबुज झाली. मग हात वर करून मोजले. पाच रुपये वाढविण्याच्या बाजूने नऊ, पोळी कमी करण्याच्या बाजूने तेरा. ज्या नऊ जणांनी वाढीला हात वर केला ते रात्रपाळीचे, अधिक भूक लागणारे होते. त्यांपैकी चौघे पुढच्या महिन्यात दुसऱ्या खानावळीत गेले. कलबुर्गीचा राहिला. त्याची तिसरी पोळी आई वहीत न लिहिता देत असे, हे मला फार उशिरा कळले.